एसी बसवायला आलेली मुलं कोणी पाठवली होती?

एसी घ्यायचा तो आईसाठी. आई ७४ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. जळगावचा उन्हाळा तिने जन्मभर पंख्यावर आणि मग कूलरवर काढला, पण आता कूलरच्या ओलाव्याने तिचे सांधे धरतात. गेल्या वर्षी मे महिन्यात तिच्या रात्रीच्या रात्री बसून गेल्या. तेव्हाच ठरवलं होतं, पुढचा पाडवा चुकवायचा नाही.

३० मार्च २०२५ ला, गुढी उभारून झाल्यावर, गावातल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दीड टनाचा, थ्री स्टार, इन्व्हर्टर स्प्लिट एसी, ३८,९९० रुपये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, सीझनमध्ये कंपनीची माणसं आठ-आठ दिवस येत नाहीत. आमची टीम आहे, दोन दिवसांत बसवून देईल." मी हो म्हटलं. बिलावर एसीच्या खाली आणखी एक ओळ आली: इन्स्टॉलेशन, १,४९९ रुपये. मी एकूण आकडा पाहिला, कार्ड दिलं, बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं. पुढचे चार महिने सगळं त्या एका ओळीभोवती फिरणार होतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

एसी १ एप्रिलला घरी आला. बसवायला ४ एप्रिलला, संध्याकाळी साडेसातनंतर, दोन मुलं बाइकवर आली. पाठीवर एक बॅग, हातात ड्रिल. वागायला चांगली होती, आईने त्यांना आधी पाणी, मग चहा दिला. पण घाई फार. त्यांच्या दिवसाचं ते सहावं घर होतं, असं त्यातला एक म्हणाला. भिंतीला भोक पाडायला कोअर कटिंगचं मशीन नव्हतं. ड्रिलने गोल गोल भोकं पाडून मधला भाग छिन्नीने फोडला. आतलं प्लॅस्टर तळहाताएवढं निघालं. "पुट्टी भरून घ्या, दिसणार नाही," म्हणाले. बाहेरचं युनिट गच्चीच्या कठड्याला लोखंडी स्टँडवर बसवलं. पाइप जोडले, आउटडोअरचा व्हॉल्व्ह जरासा उघडला, फुस्स असा आवाज झाला, पुन्हा नट आवळला. मी विचारलं, हे काय? "हवा काढली, ताई." स्टँड, जादाचा कॉपर पाइप, वायर आणि ड्रेन पाइप असे मिळून ३,३५० रुपये रोख घेतले. बिल मागितलं तर एसीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडे लिहून दिले. तो पुठ्ठा मी टाकला नाही, एवढं एक बरं केलं.

जाताना म्हणाले, "मेसेज आला असेल, ओटीपी सांगा." एसी सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, पण थंड हवा येत होती, पावणेदहा वाजले होते आणि मुलं दमली होती. मी ओटीपी सांगितला. तो सांगितला की त्यांच्याकडे काम 'पूर्ण' म्हणून बंद होतं. तुमच्याकडे कोणी असं आलं तर निदान अर्धा-पाऊण तास एसी चालू द्या, ड्रेनमधून पाणी बाहेर पडताना डोळ्यांनी पाहा, मगच ओटीपी द्या. मूल दमलेलं असलं तरी.

चार रात्री आई गाढ झोपली. ९ एप्रिलला सकाळी तिने हाक मारली. पलंगामागची भिंत ओली होती. इनडोअर युनिटच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली, साधारण साडीच्या काठाएवढा पट्टा. दोन दिवसांत रंगाला फुगे आले आणि पोपडे गादीवर पडू लागले. खोलीही आता पूर्वीसारखी थंड होत नव्हती; १८ वर लावला तरी तासाभराने नुसता वारा.

दुकानात फोन केला. "कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार टाका." टोल फ्रीवर लावला. पलीकडच्या बाईंनी मॉडेल आणि सिरियल नंबर घेतला, थोडं थांबवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, या मशीनचं इन्स्टॉलेशन आमच्याकडे नोंदलेलंच नाही. आमच्या अधिकृत माणसाने बसवलेलं नाही." म्हणजे वॉरंटी? "तपासणी झाल्यावर सांगता येईल. व्हिजिटचे ५९० रुपये लागतील." पुन्हा दुकान. दुकान म्हणे, "मुलं आमची नाहीत, ती एजन्सीची." एजन्सीचा नंबर द्या. "तो आमच्याकडे नसतो."

माझ्या हातात ३९ हजारांचा एसी होता, भिंतीत पाणी होतं, आणि ती दोन मुलं कोणी पाठवली होती हे सांगायला कोणी तयार नव्हतं. त्या रात्री मी खरंच रडले. पैसे गेले म्हणून नाही. आई म्हणाली, "राहू दे गं, कूलर आहे ना," आणि उठून स्वतः कूलरमध्ये पाणी भरायला लागली, म्हणून.

शेजारचे नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं: "फोनवर भांडू नको. ज्याच्याशी बोलशील त्याच्याकडून कागद घे." त्या दिवसापासून मी एका शंभरपानी वहीत तारीख, वेळ, कोणाशी बोलले आणि तक्रार क्रमांक लिहायला लागले. पुढे तक्रार लिहायला बसले तेव्हा ती वही समोर ठेवून एका बसणीत लिहून झाली.

१५ एप्रिलला कंपनीचा तंत्रज्ञ आला. ५९० रुपयांची पावती आधी दिली. त्याने जे दाखवलं ते मी मोबाइलवर चित्रित केलं. आउटडोअरजवळ पाइपाचा जोड आवळणाऱ्या नटाभोवती (त्याला फ्लेअर नट म्हणतात) तेलकट डाग होता. त्यावर साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे आले. गेज लावलं तर गॅस बराच कमी. मग आत येऊन इनडोअरवर लेव्हल ट्यूब धरली: युनिट भोकाच्या विरुद्ध बाजूला झुकलेलं. आणि भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं, ते उलट आत उतरत होतं. गवंडी ज्याला ढाळ म्हणतात तो ढाळच उलटा. पाणी बाहेर जाणार कसं? ते ट्रेमध्ये साठून आमच्या भिंतीत उतरत होतं.

आणि ती 'हवा काढली'ची गोष्ट. त्याने समजावलं की पाइप जोडल्यावर आतली हवा आणि दमटपणा व्हॅक्यूम पंप लावून ओढून घ्यायचा असतो, त्याला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. त्या मुलांनी यंत्रातलाच गॅस थोडा सोडून हवा ढकलली. आमच्या एसीत आर-३२ गॅस आहे. तो काही प्रमाणात ज्वलनशील असतो, त्यामुळे असा मोकळा सोडणं चुकीचंच. शिवाय आत राहिलेला ओलावा हळूहळू कॉम्प्रेसरला मारतो. हे सगळं ऐकून मी त्याला म्हटलं, "भाऊ, हे जॉबशीटवर, म्हणजे तुमच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून द्या." तो कचरला. दुकानदाराशी वैर नको, हे त्याचं म्हणणं मला समजत होतं. मी म्हटलं, दुकानाचं नाव नका लिहू, जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा. त्याने लिहिलं: फ्लेअर जॉइंटला गळती, गॅस कमी, ड्रेनचा उतार उलटा, इनडोअर लेव्हलमध्ये नाही, मशीनमध्ये उत्पादनदोष आढळला नाही. खाली सही आणि तारीख. हा कागद मिळाला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला आजही वाटतं.

१६ एप्रिलला लेखी तक्रार घेऊन दुकानात गेले. दोन प्रती, एकीवर पोच हवी म्हणून. मॅनेजरने वाचली आणि परत दिली; आमच्याकडे इनवर्डची, म्हणजे आलेल्या पत्राची नोंद करून पोच द्यायची, पद्धत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच पत्र रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं, खर्च पन्नास रुपयांच्या आत. २२ एप्रिलला गुलाबी पोचपावती दुकानाच्या शिक्क्यासह परत आली. शिक्का शेवटी पोस्टमनने मिळवून दिला. (१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा आता स्पीड पोस्टाने पाठवून पोच मागावी लागेल.)

पत्रात मी लिहिलं होतं की सात दिवसांत दुरुस्ती करून द्या, नाहीतर मी स्वखर्चाने करून घेईन आणि खर्च तुमच्याकडून मागेन.

त्याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. भाषा निवडताना मराठीचा पर्याय मिळतो. मी दुकानाविरुद्ध एक आणि कंपनीविरुद्ध एक अशा दोन वेगळ्या तक्रारी नोंदवल्या, दोन डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रार क्रमांक, मिळाले. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: ही हेल्पलाइन न्यायालय नाही. ती तुमची तक्रार समोरच्याकडे पोचवते, उत्तर मागते, पण कोणाला आदेश देऊ शकत नाही. दुकानाचं उत्तर चार ओळींचं आलं, इन्स्टॉलेशन त्रयस्थ एजन्सीने केलं आहे, आमची जबाबदारी नाही. कंपनीचं उत्तर मात्र ८ मे ला आलं आणि ते माझ्यासाठी पैशांपेक्षा मोलाचं होतं. आमच्या माणसाने पुन्हा नीट बसवून घेतल्यास वॉरंटी बिलाच्या तारखेपासून ग्राह्य धरू, असं त्यांनी लेखी दिलं.

या सगळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येऊन गेली. ३० एप्रिल. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. बहीण दोन्ही मुलांना घेऊन नाशिकहून आली. खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला. दुपारी सगळी कूलरच्या खोलीत दाटीवाटीने झोपली आणि एसीच्या खोलीत ओल्या भिंतीचा वास. भाच्याने विचारलं, "मावशी, एसी का नाही लावत?" आई काही बोलली नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हट्टाला पेटले होते. ज्याने बिघडवलं त्यानेच येऊन नीट करावं, या आग्रहापायी ऐन उन्हाळ्यात मी आईला महिनाभर उकाड्यात ठेवलं. सात दिवसांची मुदत कधीच संपली होती. पुरावा हातात होता: जॉबशीट, चित्रण, फोटो. तो घेऊन झाल्यावर दुरुस्ती थांबवण्याचं काही कारण नव्हतं. माझ्या जागी तुम्ही असाल तर एवढं थांबू नका.

१३ मे ला कंपनीची माणसं आली. यावेळी मी खुर्ची टाकून बसले आणि सगळं पाहिलं. कोअर कटिंगच्या मशीनने नवं भोक, बाहेरच्या बाजूला उतरतं. लेव्हल ट्यूब लावून पत्रा ठोकला. जुन्या पाइपची टोकं कापून नवीन फ्लेअर काढल्या. व्हॅक्यूम पंप वीस-बावीस मिनिटं चालला. पंप बंद करून दहा मिनिटं गेजचा काटा हलतो का ते पाहिलं. मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, मशीनच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस भरला. शेवटी त्यातल्या मोठ्या माणसाने माझ्याकडे तांब्याभर पाणी मागितलं आणि ते इनडोअरच्या ट्रेमध्ये ओतलं. बाहेर अंगणात ड्रेनमधून धार पडली. साधी तांब्याभर पाण्याची परीक्षा. ४ एप्रिलला ती केली असती तर हे पुढचं काहीच झालं नसतं. पुन्हा बसवणी, गॅस आणि कर धरून ५,३१० रुपये, पक्क्या बिलावर. भिंत वाळायला दहा दिवस दिले, मग खरवडून प्लॅस्टर, पुट्टी आणि रंग, ४,८०० रुपये. रंगाऱ्याकडूनही सहीची पावती घेतली.

आई त्या रात्री झोपली. मी मात्र जागी राहून तक्रारीचा मसुदा करत बसले.

दुकानाला १४ मे ला पंधरा दिवसांची नोटीस पाठवली, मीच लिहिलेली. त्यासाठी वकील लागतोच असं नाही. उत्तर आलं नाही. मग २ जूनला ई-जागृती पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. हे पोर्टल १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. पूर्वी यासाठी ई-दाखिल होतं. मोबाइल नंबरवर खातं उघडायचं, तक्रार, कागदपत्रं आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पीडीएफ करून चढवायचं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे करता येते. दुकानाचं मुख्य कार्यालय मुंबईत असलं तरी मला मुंबई गाठायची नव्हती. मी तक्रार मराठीतच लिहिली, तारीखवार, वहीतून उतरवून. मागणी: १,४९९, ३,३५०, ५९०, ५,३१० आणि ४,८०० मिळून १५,५४९ रुपये, शिवाय मनस्तापाबद्दल आणि खर्चाबद्दल आयोग ठरवेल ते.

तक्रार लिहिताना अडले ते त्याच प्रश्नावर. मुलं कोणी पाठवली? दुकान तर नाकारतच होतं. बिलावरची दुसरी ओळ होती, पण मला आणखी काही हवं होतं. मोबाइलमधले ४ एप्रिलचे मेसेज चाळताना तो ओटीपीचा मेसेज सापडला. घाईत आकडा वाचून मी तो बंद केला होता, पूर्ण वाचलाच नव्हता. पाठवणारं नाव दुकानाचं होतं. 'आमचा तंत्रज्ञ आपल्याकडे आला आहे, काम समाधानकारक झाल्यावरच हा ओटीपी द्या.' आमचा तंत्रज्ञ! रात्री एक वाजता मी उठून दिवा लावला आणि त्याचे चार स्क्रीनशॉट काढले. मोबाइल भरला म्हणून जुने मेसेज पुसून टाकायची सवय असेल तर अशा काळात ती बाजूला ठेवा.

दाखल केल्यावर लगेच क्रमांक पडत नाही, आधी छाननी होते. माझ्या तक्रारीत दोन त्रुटी निघाल्या: पानांना सलग क्रमांक नव्हते आणि दोन कागद अस्पष्ट स्कॅन झाले होते. एका ओळखीच्या वकीलताईंनी सांगितल्यावरून मेसेजच्या स्क्रीनशॉटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही जोडलं, पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-ब, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम ६३. त्यांनी पैसे घेतले नाहीत. नोटरी, झेरॉक्स, स्कॅनिंग, पोस्ट धरून माझे सगळे मिळून सातशेच्या आसपास गेले.

२४ जूनला दाखलपूर्व सुनावणी होती, तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे ठरवायला. ऑनलाइन हजर राहण्याची सोय आहे, पण मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. हात थरथरत होते, हे खरं सांगते. वर्गात साठ मुलांसमोर रोज बोलणारी मी, तिथे नाव सांगतानाच घसा कोरडा पडला. पण कोणी दरडावलं नाही. विचारलं एवढंच की इन्स्टॉलेशनचे पैसे कोणी घेतले? मी बिल पुढे केलं, ओटीपीचा मेसेज दाखवला. तक्रार दाखल करून घेतली गेली आणि दोन्ही सामनेवाल्यांना, दुकानाला आणि कंपनीला, नोटीस निघाली. 'सामनेवाले' हा तिथला शब्द. आपण तक्रारदार, समोरचा सामनेवाला.

११ जुलैला दुकानाच्या मालकांचा फोन आला. मॅनेजरचा नव्हे, मालकांचा. "मॅडम, आमच्यापर्यंत हे आलंच नव्हतं." गुलाबी पोचपावती माझ्यासमोर टेबलावर होती. मी तसं सांगितलं. थोडा वेळ शांतता, मग त्यांनी भेटायला बोलावलं. मी म्हटलं, भेटूया, पण जे ठरेल ते कागदावर.

१८ जुलैला भेटलो, नानाही सोबत आले. त्यांचा मुद्दा असा की स्टँड, पाइप आणि वायर तर अजून वापरात आहेत, त्याचे पैसे कसे मागता? हा मुद्दा मला रास्त वाटला. बरीच बोलणी होऊन १३,००० रुपयांवर तडजोड ठरली. मनस्तापाचे वेगळे मी सोडून दिले. काही मैत्रिणी म्हणाल्या, लढायला हवं होतंस, जास्त मिळाले असते. असतीलही. कायद्यात तीन महिन्यांची मुदत लिहिलेली असली तरी तारखा लांबू शकतात आणि मला आणखी रजा टाकायच्या नव्हत्या. ज्यांना पूर्ण लढायचं आहे त्यांनी जरूर लढावं. मला इथे थांबावंसं वाटलं. एक अट मात्र धरून बसले: रक्कम आधी खात्यात, मग सही. ३० जुलैला बँकेत १३,००० जमा झाले आणि ५ ऑगस्टला आयोगासमोर तडजोडीची पुरसीस, म्हणजे तडजोड झाल्याचं लेखी निवेदन, दाखल करून प्रकरण निकाली निघालं. पाडव्यापासून मोजले तर १२८ दिवस.

ती दोन मुलं पुन्हा कधी दिसली नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. दिवसाला सहा घरं, व्हॅक्यूम पंप नाही, कोणी शिकवलेलं नाही, आणि काम बिघडलं की 'ती आमची नाहीत' म्हणायला दुकान मोकळं. तडजोडीच्या पत्रात मी मालकांकडून एक वाक्य लिहून घेतलं, बसवणीचे पैसे दुकानाने घेतले असतील तर माणसाची जबाबदारीही दुकानाची राहील. ते पाळलं जातं की नाही हे मला कळायचं नाही, पण ते त्यांच्या लेटरहेडवर आहे.

पहिली मोफत सर्व्हिस दिवाळीआधी झाली. फिल्टर धुतले, ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. ड्रेनखाली आईने आता एक बादली ठेवली आहे. रात्रभर एसी चालला की ती सकाळी जवळजवळ भरते, आणि ते पाणी ती तुळशीला आणि जास्वंदीला घालते.